दिलेलं नाही

राजारामपुरी, नववी गल्ली, बॅटरीच्या दुकानावर दुसरा मजला.
मगदूम सर हातरुमालानं फळा पुसतात
आणि म्हणतात, उतारा वाचत बसू नका.
आधी प्रश्न वाचा, मग आत शिरा
चोरासारखं, काय उचलायचं ते ठरवून.
साल, आकडा, गावाचं नाव.
एखादा शब्द आडवा आला तर त्याच्याशी भांडू नका,
तो तुमच्या पाव्हण्यातला नाही.
साठ मिनिटं. चाळीस प्रश्न.

मी ड्यूटीवरनं तसाच येतो क्लासला.
येतो.
आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो, जेवलो.
नर्सिंगला पुण्याची रूममेट हसायची.
इंग्रजीत त्याचं काही अडत नाही.
आय केम. कोण आलं, बाई की बाप्या, विचारतच नाही कोणी.
तेवढ्यापुरती ती भाषा मला माहेरची वाटते.

उतारा होता देवमाशांवर.
तौफिक बागवान शिरोलीच्या फाउंड्रीतनं येतो,
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर त्याचा काळा अंगठा.
म्हणाला, सर, खरं कळतंय, खोटं कळतंय,
हे तिसरं काय? दिलेलं नाही?
म्हणजे उतारा त्याबद्दल गप्प आहे, सर म्हणाले.
तुला बाहेरनं माहीत असलं तरी आत घालायचं नाही.
मग आमच्या घरात सगळं तेच हाय, तौफिक म्हणाला.
क्लास हसला. तो नाही हसला.

रात्री वॉर्डात बारा कॉट, बारा कागद.
ताप, लघवी, सलाईन किती वाजता, सही कुणाची राहिली.
मी काय ओळ न् ओळ वाचतो व्हय?
नजर घसरत जाते
आणि आकडा चुकलाय तिथं आपोआप थांबते.
हे मला येत होतं की आधीपासनं,
फी भरायच्या आधीपासनं.

हौसामावशी आमची आया. शाळा बघितली ती बाहेरनं.
सुई माझ्या हातात, पण शीर तिला सापडायची.
डोळ्यानं नको बघू पोरी, बोटानं बघ.
तेव्हापासून उताऱ्यावरही बोट ठेवतो.
सर म्हणतात, बालवाडीसारखं नको.
ठेवतोच.

बोलण्याचं वेगळं.
एक मिनिट विचार करायला, दोन मिनिटं बोलायला.
पाठ केलेल्याचा त्यांना लांबनं वास येतो म्हणे.
शब्द नाही आठवला तर वळसा घाला,
रंकाळ्याला घालतो तसा.
तळं मधे राहू दे,
चालणं थांबवू नका.

रविवारी सराव परीक्षा. परीक्षक म्हणून सरांची मेव्हणी,
ओठ मिटलेले, पुढ्यात मोबाईलचं घड्याळ.
कार्ड आलं: तुम्हाला काही शिकवलेल्या माणसाविषयी बोला.
पेन्सिलीनं चार शब्द लिहिले,
मावशी, बोट, शीर, पहाट.
'आया'ला इंग्रजी सापडेना.
वळसा घातला. डॉक्टर यायच्या आधी
सगळा वॉर्ड जिला माहीत असतो, ती बाई.
काळ दोनदा चुकला. भूतकाळातली मावशी
मधेच वर्तमानात येऊन फरशी पुसायला लागली.
येऊ दिली.
मार्चमध्ये ती रिटायर झाली, मी सांगत होतो,
आणि शेवटच्या दिवशी तिनं

थँक यू, मेव्हणी म्हणाली.
दोन मिनिटं झाली.

जिन्यात आईचा फोन.
कसा गेला?
बरा.
मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
जाऊ नको म्हणाली का? जा म्हणाली का?
फोनमध्ये फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली.

स्टॉपवर उभा राहिलो, वाक्य तसंच तोंडात.
ते तिथंच पुरं केलं, इंग्रजीत, मोठ्यानं,
मेथीची पिशवी घेतलेल्या एका काकांकडं बघून:
शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरला,
माझीच शीर चाचपली
आणि कितीतरी वेळ बोट उचललं नाही.

काका म्हणाले, कळंब्याची गेली काय हो?